न पिणं हेही कामच आहे

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. त्या एका बँकेत नोकरी करतात. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे, बँकेचे आणि गावाचे नाव दिलेले नाही. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मला 'नोकरी आणि व्यसनमुक्ती यांचा समतोल' या विषयावर बोलायला सांगितलंय. या 'समतोल' शब्दाशी मी भांडणार आहे, पण ते नंतर. आधी ओळख करून देते. मी बँकेत आहे. नोकरीची बरीचशी वर्षं कॅश काउंटरवर काढली. दोन मुलं आहेत. आणि मी दारुडी आहे. 'होते' म्हणत नाही, 'आहे' म्हणते. जानेवारी २०१७ पासून प्यायलेली नाही, तरीही.

'दारुडी' म्हटल्याबरोबर तुमच्यातल्या काहीजणी खाली बघायला लागल्या. साहजिक आहे. आपल्याला दारुड्याची बायको माहीत असते. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'पासून ती सिंधू आपल्या मनात घर करून बसली आहे. आपल्या चळवळीनंही तिच्याचसाठी लढे दिले आणि ते दिलेच पाहिजेत. १९७२ च्या सुमारास शहाद्याच्या भिल्ल बायकांनी गावोगावी दारूची मडकी फोडली. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली, तिच्यामागे बायकांचाच रेटा होता. आमच्या वॉर्डातलं दुकान बंद व्हावं म्हणून 'आडवी बाटली'च्या सह्या गोळा झाल्या, तेव्हा मीही चार बिल्डिंगांत सह्या मागत फिरले. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या घरी तांदळाच्या डब्यात एक क्वार्टर पुरलेली होती. मी खोटेपणा करत होते असं मला वाटत नाही. ते दुकान खरंच बंद व्हावं असं मला वाटत होतं. पण माझ्यासाठी वाटत होतं, हे सांगायला त्या मोर्चात जागा नव्हती.

सुरुवात कशी झाली? काही फार मोठं दुःख वगैरे नव्हतं. झोप लागत नव्हती. धाकटा लहान होता, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, बँकेत माणसं कमी. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी झोपेची गोळी दिली. ती मी दोन वर्षं घेतली, कारण चिठ्ठी दाखवली की दुकानदार देत होता. मग गोळी पुरेना. नवऱ्याची बाटली घरात असायचीच. आधी झोपायला म्हणून, मग स्वयंपाक करताना, मग सकाळी. बाई वाईन शॉपच्या रांगेत उभी राहू शकत नाही. मी रिक्षावाल्याला सांगायची, 'पाहुणे आलेत.' आमच्याकडे फारच पाहुणे यायचे!

सकाळी का, ते सांगते. कारण सकाळी हात थरथरायचे. कॅशियरचे हात थरथरून कसं चालेल? नोटा मोजायला यंत्र असतं, पण फाटक्या नोटा, सुटी गड्डी हातानंच मोजावी लागते आणि काचेपलीकडचा माणूस तुमच्या बोटांकडेच बघत असतो. मग न्हाणीघरात दोन घोट घ्यायचे की हात थांबायचे. म्हणजे माझी नोकरी टिकावी म्हणून मी पीत होते! बाहेरच्याला हे वेड वाटेल. आतून ते अगदी हिशोबी असतं. एकदा कॅशमध्ये साडेनऊ हजारांची तूट आली. कॅशियरनं ती खिशातून भरायची असते, मी भरली. घरी सांगितलं, सोसायटीचा हप्ता कापला गेला.

बँकेत कुणाला कळलं नाही असं मला वाटायचं. मी वेलची चघळायची. एकदा शाखेत झाडू मारायला येणाऱ्या मावशी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'बाई, माझा नवरापण वेलचीच खायचा.' एवढंच बोलल्या आणि फरशी पुसायला गेल्या. मला त्यांच्याइतका नेमका सल्ला नंतर कुणी दिला नाही.

त्या नवरात्रात मी ठरवलं, नऊ दिवस शिवायचं नाही. आपल्याकडे पुरुष श्रावण पाळतात ना, तसंच. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मला झटका आला, फिटच आली. घरचे म्हणाले, उपासानं चक्कर आली. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही वस्तीत काम करता. रोज, बरीच वर्षं पिणाऱ्या माणसानं दारू एकदम तोडली की पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जातो. झोपेच्या गोळ्याही एकदम थांबवल्या तर झटके येतात. तेव्हा कुणा बाईला 'आजपासून बंद कर, शपथ घे' असं सांगू नका. तिला आधी डॉक्टरकडे न्या. तिथे औषधाखाली दारू सोडवतात. शपथ नंतर घेता येते.

२०१४ साली मी उपचाराला गेले. पाच आठवडे. रजेच्या अर्जावर आजार लिहिला 'कावीळ'. सगळ्यांनी घरी उसाचा रस पाठवला! केंद्राबद्दल माझी तक्रार नाही. पण रविवारी भेटीचा दिवस असायचा, तो मी विसरणार नाही. पुरुषांच्या बाजूला डबे घेऊन आलेल्या बायकांची रांग. आई, बायको, बहीण, मेहुणी. आम्ही बायका सहा जणी होतो. त्या पाच आठवड्यांत आमच्या सहा जणींकडे मिळून तीन माणसं आली. माझ्याकडे एक आली, युनियनमधली मैत्रीण. नवरा आला नाही. तो फोनवर म्हणाला, 'कोर्टात गेलीस तर मुलं मिळायची नाहीत, लक्षात ठेव.' मी कोर्टाचं नावही काढलं नव्हतं.

आता समतोलाविषयी. पुरुष व्यसनातून बाहेर येतो तेव्हा बायको त्याची गोळी सांभाळते, त्याच्या साहेबाला फोन करते, त्याला मीटिंगला सोडते, परत आल्यावर गरम जेवण वाढते. त्याला समतोल साधावा लागत नाही. तो दुसरं कुणीतरी साधून देतं. बाई बाहेर येते तेव्हा तिच्याकडून अपेक्षा असते की, पाच आठवडे घर उघड्यावर टाकलंस ना, आता भरून काढ. म्हणजे नोकरी एक पाळी, घर दुसरी पाळी. आणि न पिणं ही तिसरी. कारण न पिणं हे कामच आहे. पहिल्या वर्षात तर ते सगळ्यांत कष्टाचं काम असतं. त्याला वेळ लागतो, झोप लागते, माणसं लागतात. तीन पाळ्या एका अंगावर घेऊन तारेवर चालायचं, याला आपण 'समतोल' म्हणतो. माझं म्हणणं साधं आहे. समतोल साधू नका, ओझं कमी करा. आणि कमी करायचं ते नोकरीचं नव्हे, आधी घरातलं.

कारण घरचे पहिल्यांदा काय सुचवतात? 'नोकरी सोड, तब्येत सांभाळ.' ऐकायला मायेचं वाटतं. मी सोडली असती तर दिवसभर घरात एकटी, हातात स्वतःचा पैसा नाही आणि कपाटात नवऱ्याची बाटली. मुलांच्या बाबतीतही मग माझं कोण ऐकणार? पगार होता म्हणून मी औषधं स्वतःच्या पैशांनी घेतली. साडेनऊला घरातून निघावं लागायचं म्हणून सकाळी उठले. नोकरी हा माझा दोर होता. दोर गळ्याभोवती आवळूही शकतो, ते पुढे सांगते. पण तोडायचा नसतो.

केंद्रातून आल्यावर मला सांगितलं होतं, पहिले नव्वद दिवस शक्य तर रोज मीटिंगला जा. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंगा. अमेरिकेत १९३५ साली दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलायला सुरुवात केली, तिथून निघालेलं हे काम. फी नाही, नाव सांगावं लागत नाही. मी पहिल्या दिवशी गेले तर दारातल्या गृहस्थांनी अदबीनं सांगितलं, 'वहिनी, मिसेसची मीटिंग शेजारच्या खोलीत.' मी म्हटलं, 'मिसेस नाही, मीच.' आत बावीस पुरुष. मीटिंगची वेळ संध्याकाळी सात. ही वेळ कुणी ठरवली असेल? ज्याच्या घरी सातला कुकर दुसरं कुणीतरी लावतं, त्यानं.

मी काय केलं? पोळ्या महिला मंडळाच्या पोळीभाजी केंद्रातून आणायला लागले. सासूबाईंनी आठ दिवस तोंड फिरवलं, मग खायला लागल्या. मुलगी सातवीत होती. तिला खरं सांगितलं, तिच्या वयाला झेपेल इतकं. ती म्हणाली, 'मला माहीत होतं.' मुलांना माहीत असतंच. तेव्हा बँक शनिवारी अर्धा दिवस असायची. ती दुपार मी माझी ठेवली. त्या दुपारी धुणं नाही, बाजार नाही.

बँकेत सांगायचं की नाही? हा प्रश्न प्रत्येक बाई विचारते. सगळ्यांना सांगू नये. शौर्य म्हणून तर अजिबात नको. मी तिघांना सांगितलं. युनियनची मैत्रीण, झाडूवाल्या मावशी आणि शाखेचे मॅनेजर. मॅनेजरांना फक्त इतकंच म्हटलं, 'माझ्या आजारावर उपचार चालू आहेत. मंगळवार आणि शुक्रवार मला वेळेवर सोडा, बाकीचे दिवस थांबेन.' ते म्हणाले, 'कॅश देऊ का, नको?' मी म्हटलं, 'द्या.' त्यांनी दिली. त्या दिवशी मला माझ्या हातांचा जो अभिमान वाटला, तो लग्नात मेंदीचाही वाटला नव्हता! पण मॅनेजरची तीन वर्षांनी बदली होते. नवीन आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तोंडी सवलतीवर विसंबू नका, शक्य असेल तिथे युनियनकडून लेखी करून घ्या.

आता दोर आवळतो कसा, ते सांगते. ८ नोव्हेंबर २०१६. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द. तुम्ही रांगेत काचेच्या त्या बाजूला होतात, मी या बाजूला. ९ तारखेला बँका बंद होत्या, १० पासून जी गर्दी उसळली ती पुढचे सात आठवडे. शनिवार-रविवारी पण बँक उघडी. रात्री दहा-दहापर्यंत कॅश जुळत नव्हती. लोक शिव्या द्यायचे, रडायचे. लग्नघरातले पाया पडायचे. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, शनिवारची दुपार गेली. 'हे संपू दे, मग मीटिंगला जाईन,' असं मी सात आठवडे म्हणत होते. दोन वर्षं न प्यायलेली बाई होते ना, मला वाटलं आता मी पक्की झाले. त्या सात आठवड्यांत मी प्यायले नाही, हे लक्षात घ्या. ३० डिसेंबरला जुन्या नोटा भरायची मुदत संपली. त्या रात्री घरी आले, सगळे झोपले होते, आणि प्यायले. चार दिवस. काम चालू असताना बाई तग धरते. काम संपलं की कोसळते. ज्यांनी घरात आजारपणं काढलीत त्यांना हे माहीत आहे.

पाचव्या दिवशी फोन केला. तिकडून कुणी 'असं कसं झालं' विचारलं नाही. 'जेवलीस का?' विचारलं. आमच्यात चार गोष्टी सांभाळायला सांगतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. नोटाबंदीत माझ्या चारही एकदम जमल्या होत्या. आणि मी बघत होते फक्त कॅशकडे.

पुढे २०१८ मध्ये ऑफिसरच्या परीक्षेचा अर्ज समोर आला. बँकेत बढती म्हणजे बदली. मी भरला नाही. मैत्रिणी चिडल्या, 'तू स्त्रीमुक्तीवाली ना?' मी म्हटलं, मला घरानं थांबवलेलं नाही, माझं मीच थांबतेय, आणि कायमची नाही. २०२१ मध्ये भरला. बदलीच्या गावी मीटिंग कुठे भरते ते आधी शोधलं, भाड्याची खोली नंतर. उशिरा मिळालेली बढती ही बुडालेली बढती नसते, हे मला माझ्या वयाच्या बायकांना सांगायचंय.

आता थोडं माझ्या पलीकडचं. दिल्लीच्या 'एम्स'नं केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के आणि बायकांचं १.६ टक्के आलं. मग म्हणतात, बायकांचा प्रश्न आहेच कुठे! पाहणीवाला माझ्या दारात आला असता, शेजारी सासूबाई उभ्या असत्या, तर मी काय उत्तर दिलं असतं? आणि १.६ टक्के धरले तरी या देशात त्या लक्षावधी बायका होतात. त्याच पाहणीत असं दिसलं की दारूत अडकलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळतो. बाईचं शरीरही वेगळं वागतं. अंगात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी, म्हणून तेवढ्याच दारूनं तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं आणि यकृत कमी वर्षांत खराब होतं. ती उशिरा येते आणि जास्त आजारी होऊन येते.

'हे पांढरपेशा बाईचं दुखणं' असंही कुणी म्हणेल. मग मिश्री बघा. तंबाखू बघा. भूक मारायला, दातदुखी मारायला, पहाटेच्या कामाला उभं राहायला आपल्या किती कष्टकरी बहिणी ती लावतात! तिलाही कामासाठीच ती लागते. माझ्या न्हाणीघरातल्या दोन घोटांत आणि तिच्या चिमूटभर मिश्रीत फरक आहे, पण नातंही आहे.

पुण्यात 'मुक्तांगण' १९८६ साली सुरू झालं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं. पण बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. हा त्यांचा दोष नाही. आपण मागितलं नव्हतं.

एक वैचारिक प्रश्न तुम्ही विचाराल, म्हणून मीच काढते. या बाराही पायऱ्यांची सुरुवात 'दारूपुढे आम्ही हतबल आहोत' या कबुलीनं होते. आपण तर बाईला सांगतो, तू हतबल नाहीस! अमेरिकेत जीन कर्कपॅट्रिक नावाच्या बाईंनी याच मुद्द्यावर १९७० च्या दशकात बायकांसाठी वेगळा गट काढला. त्यांचं म्हणणं, बाई आधीच खचलेली असते, तिला ताकद द्या. मला दोन्ही पटतं. मी बाटलीपुढे हतबल आहे. नवऱ्यापुढे नाही, साहेबापुढे नाही. उलट बाटलीपुढचं मान्य केलं तेव्हा बाकीच्या दोघांपुढे उभं राहता आलं. ज्यांना ही भाषा जमत नाही त्यांनी दुसरी वाट धरावी. डॉक्टर, समुपदेशक, औषधं, बायकांचा स्वतःचा गट. पण एकटीनं करू नये.

शेवटी मागण्या. आपल्या संघटनेकडे माझ्या पाच आहेत.

एक. केंद्रात असलेल्या बाईला रविवारी भेटायला जा. डबा घेऊन जा.

दोन. ती परत आली की पहिले तीन महिने आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तिची मुलं सांभाळा, म्हणजे ती मीटिंगला जाईल.

तीन. दुपारची, फक्त बायकांची बैठक आपल्या कार्यालयात भरू द्या. खोली आहे, चटया आहेत.

चार. कायदा माहीत करून घ्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार धरलेले आहेत. उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा तिला हक्क आहे. तीन वर्षांखालचं मूल असेल तर उपचाराच्या काळात त्याला सहसा तिच्यापासून तोडू नये, असं त्यात लिहिलंय. मात्र बऱ्याच आरोग्यविमा पॉलिसींत व्यसनाचा उपचार वगळलेला असतो, तेव्हा पॉलिसी वाचून घ्या. सरकारी फोन आहेत : व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६. कार्यालयाच्या भिंतीवर लावा.

पाच. आपल्या सल्ला केंद्रात नवऱ्याच्या दारूची तक्रार घेऊन बाई येते. तिची तक्रार पूर्ण लिहून घ्या. मग पेन खाली ठेवून विचारा, 'आणि तुला झोप लागते का? काही घ्यावं लागतं का?' कागदावर लिहू नका. तो कागद उद्या कोर्टात तिच्याच विरुद्ध जाईल. नुसतं विचारा आणि थांबा. मला कुणी तसं विचारलं असतं तर माझी चार-पाच वर्षं वाचली असती.

बोलायचं ते झालं. चहानंतर प्रश्न विचारा, काहीही विचारा. नवऱ्याचं काय झालं असं विचारणार असाल तर आत्ताच सांगते. आम्ही एका घरात राहतो, बाटली आता घरात नसते आणि मंगळवारी कुकर तो लावतो. तीन शिट्ट्या की चार, हे अजून फोन करून विचारतो. मी मीटिंगमध्ये फोन उचलत नाही.